तेलाचा शनिवार

अप्पा गेल्यावर मी दोन गोष्टी केल्या. त्यांचा चष्मा कपाटात ठेवला आणि हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं छोटं यंत्र विकत घेतलं. त्यावर दोन्ही अंगठे टेकून अर्धं मिनिट स्वस्थ बसलं, की आलेख मोबाईलवर दिसतो. अप्पांचं हृदय आजारी होतं, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. आता त्यांचे धाकटे भाऊ, कृष्णाकाका, जिना चढताना मध्येच थांबू लागले होते. विचारलं तर म्हणत, खिडकीतून रस्ता बघतोय.

एकट्याला तपासतो म्हटलं असतं तर काका निसटले असते. म्हणून माझी डॉक्टर मैत्रीण मधुमिता हिला घेऊन मी काकांच्या गल्लीतल्या भजनमठात सगळ्यांचीच तपासणी ठेवली. शनिवारी. चेन्नईत राहून मी कुंभकोणमच्या आमच्या मराठी गल्लीतला शनिवार विसरले होते.

बायकांचे आलेख झरझर निघाले. मग पुरुष आले, उघडेबंब, टाळूपासून टाचेपर्यंत तिळाच्या तेलाने चमकत. अभ्यंगाचा दिवस. तेल मुरेपर्यंत वेळ असतोच, तेवढ्यात हेही उरकू, असा त्यांचा हिशेब. तेलकट अंगठ्यांपुढे यंत्राने हात टेकले. एकाचाही आलेख येईना.

"पाह्यलेंस, चैत्रा?" काका खूश झाले. "ह्या गल्लीतल्या पुरुषांना हृदयच नाही!"

"तें मी लग्नापासून सांगते," काकू म्हणाल्या आणि घरून शिकेकाईची पूड घेऊन आल्या.

हात धुतल्यावर एकेकाचा आलेख निघू लागला. फक्त काकांचा निघेना. ते पुन्हा धुऊन आले, तरी नाही. तिसऱ्यांदा मी पाठीमागून पाहिलं. नळावरून येताना ते अंगठे हळूच डोक्यावरच्या तेलात घोळवत होते.

"काका!"

ते पायरीवर बसले. बराच वेळ टॉवेलचं टोक चाळवत राहिले. "दादाला कांहीं कळलें नाही. हसतां हसतां गेला. मला कळलें, तर रोज भीत जगायचें?"

"अप्पांना कळलं असतं, तर आज तेही इथे तेल लावून बसले असते."

काकांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. मी शिकेकाई घेतली. अप्पांचेही अंगठे असेच होते, टोकाला चपटे. मी ते जरुरीपेक्षा थोडे जास्तच धुतले.

या वेळी आलेख उमटला. मधुमिताने तो दोनदा पाहिला.

"ठोके अनियमित पडताहेत. सोमवारी हॉस्पिटलात या, नीट तपासू. यावर उपचार आहेत, काका. वेळेवर सापडलात."

"म्हणजे हृदय आहे तर!"

"आहे, पण तुमच्यासारखेंच. सरळ चालेल तर शपथ," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून कॉफी टाकायला गेल्या.

पुढची तपासणी आम्ही रविवारी ठेवली. काकांच्या खिशात गोळ्यांची डबी होती. मठाच्या दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे हात हुंगत होते.

"कालचें तेल राहिलेंय. जा, पुन्हा धुऊन ये," ते शेजारच्या बालाजीला म्हणाले. "आणि डोक्याला हात लावूं नकोस. ती युक्ती माझी आहे."