विहिरीतली हिरव्या परकराची मुलगी

मित्रांनो, मी एक जुनी जयपुरी रजई आहे. जुनी असले तरी जाड कधीच नव्हते, हे आधीच सांगते! सांगानेरी छापाची मलमल आणि आत जेमतेम पावशेर कापूस. पिंजाऱ्याने तो असा पिंजला होता, की फुंकर मारली तर उडून जावा.

१९५६ साली विमा खात्यातल्या आनंदरावांची जयपूरला बदली झाली आणि बनी पार्कातल्या त्यांच्या भाड्याच्या घरी मी आले. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई मूळच्या वाईच्या. मला बघून त्यांनी नाक मुरडलं, "एवढ्याशा पांघरुणानं काय होणार?" पहिल्याच थंडीत ते शब्द त्यांना गिळावे लागले. मग मी त्यांची लाडकीच झाले.

पांघरुणाला माणसाची स्वप्नं सगळ्यांच्या आधी कळतात. १९५९च्या जानेवारीत रत्नप्रभाबाई रोज पहाटे दचकून जाग्या होऊ लागल्या. स्वप्न एकच. खोल विहीर, पाण्यात एक लहान मुलगी, आणि ती हाका मारतेय. बाई माझं टोक मुठीत आवळून धरत. एके दिवशी ते टर्रकन फाटलं.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," आनंदराव म्हणाले. "चहा टाक."

"माझ्या मनात असलं अभद्र कशाला येईल? आणि पहाटेची स्वप्नं खरी होतात, म्हटलं!"

दहा वर्षांच्या जयंतीच्या शाळेच्या वाटेवर एक पडकी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती. झालं! बाईंनी लेकीची शाळाच बंद केली. तीन आठवडे पोर घरात. मग शाळेची चिठ्ठी आली, की सोमवारपासून आली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. आई ती चिठ्ठी वाचून रडली, पण हट्ट सोडेना. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची.

शनिवारी सकाळी रत्नप्रभाबाई मला गच्चीवर उन्हात पसरत होत्या. जयंती शेजारच्या शालिनीताईंना हाताला धरून घेऊन आली. त्यांचे यजमान लष्करात होते आणि त्या मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत.

"मावशी, तुम्हीच समजवा ना आईला. मतलब, मी बावडीजवळ जातच नाही!"

शालिनीताईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "स्वित्झर्लंडात युंग नावाचे डॉक्टर आहेत. ते म्हणतात, स्वप्नातली माणसं बहुतेक वेळा आपल्याच मनाचे भाग असतात. जे आपण मागे टाकलं, ते हाका मारत येतं. तुम्ही त्या मुलीचं तोंड पाहिलंत?"

"नाही हो. त्याआधीच जाग येते."

"मग आत्ता डोळे मिटा, आणि त्या विहिरीपाशी जा. या खेपेला पळू नका. वाकून बघा."

रत्नप्रभाबाई माझ्याजवळ बसल्या. सवयीने माझं फाटकं टोक धरलं.

"परकर दिसतोय... हिरवा. पिवळ्या काठाचा."

"जयंतीचा?"

"छे, ती तर फ्रॉकच घालते." एकाएकी त्यांनी माझं टोक सोडलं. "अगंबाई! ही बुडत नाहीये. पोहतेय! हात वर करून मलाच बोलावतेय."

"कोण आहे ती?"

"मी," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "कृष्णेत या तीरावरून त्या तीरावर जायची मी. बाराव्या वर्षी आईनं बंद केलं. म्हणाली, शोभत नाही. नंतर मी विसरूनच गेले."

आनंदरावांची म्हण खरीच होती, मित्रांनो. फक्त मनात काय वसतंय, ते कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी स्वतः जयंतीला शाळेत सोडलं. वाटेत बावडीत डोकावून पाहिलं. आत वाळका पाला आणि दोन कबुतरं होती. उन्हाळ्यात मायलेकी जयपूरजवळच्या गलत्याला बायकांच्या कुंडावर गेल्या. कासोटा घालून बाईंनी असा सूर मारला, की पायऱ्यांवरच्या बायका ओरडल्याच! जयंती तिथेच पोहायला शिकली. तिच्यासाठी हिरवा परकर शिवला होता. त्यातल्या उरलेल्या तुकड्याचं ठिगळ माझ्या फाटक्या टोकाला लागलं.

आता १९६९ साल आहे. मधली कित्येक वर्षं मी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होते. परवा जयंतीने मला होस्टेलवर न्यायला बाहेर काढलं. "नवी घेऊ या की," आनंदराव म्हणाले. रत्नप्रभाबाईंनी माझं ठिगळ कुरवाळलं आणि म्हणाल्या, "हीच ने."

म्हणून सांगते, मित्रांनो, पांघरुणांना अधूनमधून ऊन दाखवत जा. भिववणाऱ्या स्वप्नांनाही दाखवा. विहिरीतून हाक आली, तर पळण्याआधी एकदा वाकून बघा. खाली कुणी बुडत नसेलही. तुमचीच वाट बघत पोहत असेल.