वादळाचे कान

तिने हेडफोनची लाल बाजू त्याच्या उजव्या कानावर बसवली, निळी डाव्या कानावर, आणि त्याच्या हातात बटण दिलं.

"अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. आला की नाही अशी शंका आली तरी दाबायचं."

"बरं," तो म्हणाला.

जाड दार लावून ती काचेपलीकडे आपल्या यंत्रापाशी येऊन बसली, तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आत स्टुलावर बसलेला, टक्कल पडू लागलेला तो माणूस म्हणजे 'वादळ' होता. ड्रम्स वाजवणाऱ्या त्या माणसाला सगळे याच नावाने ओळखत. सोळाव्या वर्षापासून ती त्याच्या वाजवण्यावर जीव टाकत आली होती. चार वर्षांपूर्वी त्याने बँड सोडला, तेव्हा दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

आणि त्यानंतर त्याने करावं काय, तर एका अल्बममध्ये नुसती लाकडी खोक्यांवर बोटं वाजवली. दुसरा ऐकताना कुणीतरी ओल्या फडक्याने ड्रम पुसतंय असं वाटायचं. तिसऱ्यात एक बाई कुजबुजल्यासारखं काहीतरी वाचत होती आणि हा अधूनमधून कुठेतरी टिचकी मारत होता. तिने तिन्ही विकत घेतले आणि तिन्ही शेवटपर्यंत ऐकले. तिसरा चालू असताना नवरा उठून स्वयंपाकघरातला नळ बघून आला.

"वायसर गेलंय वाटतं," तो म्हणाला.

ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. खरं तर तिचा राग नवऱ्यावर नव्हताच.

पुढे इंटरनेटवर चाहत्यांच्या पानावर वादळाची टिंगल सुरू झाली. तेव्हा तिनेच तिथे लिहिलं: 'वीस वर्षं त्या झांजांना चिकटून बसल्यावर दुसरं काय होणार? त्याचे कान गेलेत. मी कानाच्या दवाखान्यात काम करते, मला कळतं.' टिंगल थांबली. तिलाही हलकं वाटलं. कान गेलेल्या माणसावर कोण रागावणार?

तिने खालच्या सुरांपासून सुरुवात केली. त्याने बटण दाबलं. तिने आवाज कमी केला, तरी त्याने दाबलं. मग ती वरच्या, शिट्टीसारख्या सुरांकडे गेली. त्याच्या वयाची माणसं तिथे नुसती समोर बघत बसतात. त्याने दाबलं. तिने वायरी तपासल्या आणि सगळं पुन्हा घेतलं. यंत्रातून निघू शकणारा सगळ्यात बारीक आवाज सोडला. काचेआड त्याचा अंगठा हलला.

तो बाहेर आला. "काय म्हणतायत कान?"

"ठणठणीत आहेत." तक्रार करावी तसं ती म्हणाली.

"सुटलो. एका संगीतशाळेत शिकवायला बोलावलंय, पण त्यांनी कानांचा दाखला मागितला. माझे कान गेलेत म्हणून कुणीतरी उठवलंय. कानाच्या दवाखान्यातल्याच कुणा बाईने लिहिलंय म्हणे."

छापलेला कागद यंत्रातून सरकत बाहेर आला. तिने तो उचलला, पण त्याच्या हातात दिला नाही.

"मीच लिहिलं ते."

"तुम्ही मला कधी तपासलं होतंत?" त्याने विचारलं.

"नाही. तुमचे अल्बम ऐकून लिहिलं."

"इतके वाईट आहेत?"

"हो," ती म्हणाली. आता मागे सरायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. "तुम्ही वाजवायचात तेव्हा आमच्या छातीत दणदण व्हायचं. आणि आता टिचक्या? मला वाटलं, ऐकू येत असतं तर या माणसाने असं केलंच नसतं."

"सगळं ऐकू येत होतं. मला आवडतं ते." त्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. "बँडमध्ये शेवटची सहा वर्षं मी घड्याळ बघत वाजवत होतो."

त्या सहा वर्षांतल्या एकोणीस कार्यक्रमांना ती गेली होती.

"आम्हाला कधी कळलं नाही," ती म्हणाली.

"तेवढं येतं मला. नावडू दे ना तुम्हाला, बाई. पण त्यात माझे कान कशाला ओढता?"

तिने सही करून कागद त्याच्यापुढे ठेवला. "ते चुकलंच माझं. तिथेच तसं लिहिते. पण बाकीचं मागे घेणार नाही."

"घेऊ नका. पुढच्या महिन्यात चौथा येतोय."

"आणखी हळू?"

"बराच."

"विकत घेईन," ती म्हणाली. "पण आवडलं नाही तर आवडलं नाही असंच म्हणेन."

त्याने मान हलवली, कागदाची घडी केली आणि तो गेला.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती चाहत्यांच्या पानावर लिहायला बसली. 'त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी न तपासता लिहिलं, ते खोटं होतं. त्याला हवं तसंच तो वाजवतोय.' इथे ती थांबली. मग पुढे लिहिलं, 'मला ते अजिबात आवडत नाही.'

इतकी वर्षं तिथे ती टोपणनावाने लिहीत आली होती. आज खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव घातलं.