पाखऱ्याच्या कुशीवरचे झाकण

मी एक जुने रबरी झाकण आहे. मित्रांनो, डब्याचे किंवा बरणीचे नव्हे. मला एका जिवंत बैलाच्या डाव्या कुशीत बसवले होते. दचकलात ना? मीही दचकले होते. आत पाहिले तर चारा घुसळला जात होता आणि बाहेर बैल शांतपणे रवंथ करीत होता!

ही १९७५ सालची गोष्ट. मलकापूरजवळच्या एका चारा संशोधन केंद्रात डॉक्टरांनी पाखऱ्या नावाच्या बैलाला भूल देऊन त्याच्या कुशीला छिद्र पाडले आणि मला तिथे बसवले. जखम भरली. मग सांगलीचे संशोधक धन्यकुमार मला उघडून, कडब्याचे तुकडे भरलेल्या जाळीच्या पिशव्या त्याच्या पोटात सोडू लागले. दोन दिवसांनी त्या काढून पाहत. ज्या ज्वारीचा कडबा जास्त पचे, तिचे बी पुढच्या पेरणीला ठेवत. पाहुणे माझे फार कौतुक करीत.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी शिराळ्याहून राहीबाई आली. पाखऱ्या पूर्वी तिचा. पाय अधू झाल्यावर, ‘नुसता चारा खायचं काम’ असे ऐकून तिने त्याला केंद्राला दिले होते. तिने त्याला ओवाळले, पाठीवरून हात फिरवला आणि तो हात माझ्यावर येऊन थांबला.

“आवं सायेब, ह्ये काय चिकटवलंय?”

धन्यकुमारांनी मला उघडून दाखवले. पोटातली वाफ तिच्या तोंडावर आली आणि हातातले ओवाळणीचे ताट खाली पडले. पाखऱ्याने मात्र वाकून पुरणपोळी खाल्ली.

“आगं आई गं! तुमी जैन लोक मुंगी मरू देत न्हाई, आन माझ्या बैलाला दार पाडलं?”

“मावशी, त्याला दुखत नाही.”

“त्यानं सांगितलं व्हय तुमास्नी?”

धन्यकुमार गोंधळले. त्यांनी घाईघाईने आतल्या दोन पिशव्या काढून धुतल्या. नव्या ज्वारीची जवळजवळ रिकामी झाली होती. गावच्या कडब्याची मात्र अजून भरलेलीच.

“ह्यो आमचा कडबा? दोन दिस पोटात ऱ्हाऊनबी असाच?”

“बराचसा असाच शेणातून जातो.”

राहीबाईने ती पिशवी चाचपून पाहिली. “आन मी म्हनायची, एवढं खातंय तरी बरगड्या का दिसत्यात! जाऊ वैरन चोरती म्हून तिच्याशी बोलनं टाकलं की वं मी.”

मला वाटले, आता ती निवळली. पण तिने पुढे होऊन दावे धरले. “तुमची ज्वारी लय चांगली हाय. पर बैल मी नेनार.”

“मावशी, सगळ्या वाणांची परीक्षा याच्यावरच चाललीय.”

“मग आदी इचारायचं हुतं.”

धन्यकुमारांनी स्वतःच दावे सोडले आणि माझी कड कोमट पाण्याने कशी धुवायची ते तिला दाखवले.

तिच्या गोठ्यात पाखऱ्या मरेपर्यंत ती रोज मला धूत असे. केंद्राची तपासणी मात्र थांबली. नवी ज्वारी शेतात उशिरा पोहोचली आणि तोवर कितीतरी गुरे तोच राठ कडबा चघळत राहिली. हे कळले तेव्हा मी पुन्हा हादरले. कोणाचे बरोबर होते, ते मला अजून ठरवता येत नाही.

पण मित्रांनो, मुक्या जनावराकडून काही शिकायचे असेल, तर त्याला जीव लावणाऱ्या माणसाला आधी सगळे सांगा. धन्यकुमारांनी राहीबाईपासून काहीच लपवून ठेवले नाही. पण सांगितले ते मला उघडल्यावर, बसवण्याआधी नव्हे.