खालच्या खोलीची ओल

पुन्हा एकदा खांदा लावून रेटा दिला तेव्हा कुठे दार वीतभर उघडले, आणि आतला चिखल घरमालकांच्या पावलांवर सरकत आला. लाकूड पाणी पिऊन फुगले होते. त्यांच्या मागे टेलरबाई फावडे धरून उभी होती.

"काका, बाजूला व्हा. खांदा निखळेल तुमचा."

"खांदा माझा आणि दारही माझंच," असे म्हणत त्यांनी आणखी एक धक्का दिला.

नदी आत राहून गेली होती. भिंतीवर खिडकीच्या वरपर्यंत तपकिरी रेघ उमटली होती. पलंग दाराशी येऊन तिरपा पडला होता, गादीचा नुसता लगदा झाला होता आणि शिलाई मशीन पायडलपर्यंत गाळात रुतले होते. टेलरबाईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चिखल तुडवत ती सरळ कपाटाकडे गेली. कपाट उघडले, वरच्या कप्प्यातल्या गाठोड्याला हात लावून पाहिला आणि खालच्या दोन कप्प्यांतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत तशीच उभी राहिली.

"लोकांचे कपडे आहेत, काका," ती म्हणाली. "माझे असते तर काही वाटलं नसतं."

घरमालकांनी तिच्या हातातले फावडे घेतले आणि गाळ ओढायला सुरुवात केली.

तळमजल्यावर त्यांच्या तीन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या आणि वर ते स्वतः बायकोबरोबर राहत. पाणी चढू लागले तशी सगळी मंडळी गच्चीवर गेली होती, त्यामुळे माणसे वाचली. पूर ओसरल्यावर मधल्या खोलीतले बेकरीवाले जोडपे सासुरवाडीला गेले आणि पलीकडची नर्स हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर. कोपऱ्यातल्या खोलीतल्या टेलरबाईला मात्र जायला जागा नव्हती. ती एकटीच होती. कुठे जाणार, असे विचारले तेव्हा "बघते कुठेतरी" एवढेच ती म्हणाली होती, आणि ते 'कुठेतरी' कुठेच नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळले होते.

"वरची बाहेरची खोली रात्री रिकामीच असते," घरमालक फावड्याकडे बघत म्हणाले. "खालचं होईपर्यंत राहा. फक्त भिंतीला खिळा..."

"ठोकायचा नाही. माहितीये."

तिला हसू आले. आपल्यामागे सगळे भाडेकरू आपल्याला 'खिळेकाका' म्हणतात, हे घरमालकांना ठाऊक होते. ठाऊक नसल्यासारखे वागायची मात्र त्यांना सवय झाली होती.

वर बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीपाशी त्यांची बायको खुर्चीत बसलेली असे. गेल्या वर्षी तिची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. 'हं' आणि 'नको' हे दोनच शब्द काय ते उरले. घरमालक तिला घास भरवत, आंघोळ घालत, तिची वेणी घालत. वेणी रोज नव्या दिशेला वाकडी होई. डॉक्टरांनी दिलेली चित्रे ते तिच्यासमोर धरत. हे घर, ही गाय, हा चेंडू. ती थोडा वेळ बघे आणि मग खिडकीकडे तोंड फिरवी. आयुष्यभर जिने घर चालवले तिला चेंडू ओळखायला सांगायचे, याची त्यांनाच शरम वाटे. तरीही रोज चित्रे धरायचे त्यांनी सोडले नव्हते.

टेलरबाई वर आली ती भिजलेल्या कपड्यांचे ढीग घेऊनच. गणवेश, पडदे, कुणाचा कोट, कुणाच्या मुलीचा लग्नातला झगा. दिवसभर ती गच्चीवर धूत होती. दोऱ्या बांधायला जागा पुरेना, तेव्हा घरमालक आतून हातोडी घेऊन आले आणि गच्चीच्या भिंतीत त्यांनी स्वतः खिळे ठोकले. टेलरबाई तोंडाला ओढणी लावून उभी होती.

"हसायचं असेल तर उघड हस," ते म्हणाले. आतापर्यंत ते तिला अहोजाहो करत. त्या दिवशी 'तू' केव्हा तोंडातून गेले, ते दोघांच्याही लक्षात आले नाही.

मशीन आणि पलंग शेजारच्या चौघांनी उचलून वर आणले, आणि मशीन बायकोच्या खुर्चीशेजारी, खिडकीत ठेवले. टेलरबाईने त्याचा पुर्जा न् पुर्जा सुटा केला, रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, तेल दिले. हे सगळे करताना ती बोलत राही. काकू, ही स्प्रिंग बघा कशी गंजलीये. काकू, हे चाक फिरलं की आपण जिंकलो. उत्तर येत नाही याची तिला अडचणच वाटत नव्हती. खुर्चीतली बायको टक लावून तिच्या हातांकडे बघत असे.

मग एके सकाळी टेलरबाईने बटणांचा डबा तिच्या मांडीवर उपडा केला. खाली टॉवेल अंथरला होता. डब्यात चिखल शिरून सगळी बटणे एक झाली होती.

"काकू, मला वेळ नाही. एवढी धुवून वेगळी करता का?"

घरमालक आतून धावत आले. "अगं, तिला कसं जमेल? एकच हात..."

"एका हाताचंच काम आहे, काका."

बायकोने डावा हात वाटीतल्या पाण्यात घातला. एक बटण चोळून चोळून धुतले, उजेडात धरून पाहिले आणि बशीत ठेवले. मग दुसरे. दुपारपर्यंत बशा मांडून झाल्या होत्या, एकीत काळी, एकीत निळी, एकीत पांढरी. जेवण्यासाठी उठवायला घरमालक आले तर ती "नको" म्हणाली. ते शेजारी बसले आणि मदत म्हणून एक बटण पुसून त्यांनी पांढऱ्यांच्या बशीत टाकले.

"नको," बायको म्हणाली.

"का? पांढरंच तर आहे."

तिने ते किंचित पिवळसर बटण बोटांनी बाहेर काढले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मान ताठ झाली.

"मो... मोतिया," ती म्हणाली.

मशीनचे चाक पुसता पुसता टेलरबाईचा हात थांबला. घरमालक बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ते उठले, टाकीचे झाकण नीट लागले आहे का ते बघून येतो म्हणाले आणि गच्चीवर गेले. झाकण नीटच होते. ते धरून ते बराच वेळ तिथे उभे राहिले. वर्षभर आपण 'अगं, काहीतरी बोल' म्हणून तिच्या विनवण्या करत होतो, आणि ही बोलली ती बटणासाठी. आनंदाने त्यांचा ऊर भरून आला होता, आणि त्यातच कुठेतरी बारीकसे काहीतरी टोचतही होते. खाली येताना त्यांनी जिन्यात तोंड पुसून घेतले.

त्या संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. पुरापासून तो रोज फोन करत होता.

"दादा, ठरलं ना मग? खालच्या खोल्यांना कुलूप घाल आणि वहिनींना घेऊन इकडे ये. या वयात दरवर्षी चिखल उपसत बसणार आहेस का? भाडेकरू आपापलं बघून घेतील."

कालपर्यंत घरमालकांना त्याचे म्हणणे पटत होते. भावाला त्यांनी जवळजवळ हो म्हटलेच होते. टेलरबाईला सांगायचे तेवढे राहिले होते. बाहेरच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. चाक कुरकुरत फिरे, अडखळे, पुन्हा फिरे.

"दादा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "उद्या गवंडी येणार आहे माझ्याकडे. त्याला काय सांगायचं ते आधी बघतो."

गवंड्याला त्यांनी अजून बोलावलेही नव्हते. फोन ठेवल्यावर ते चप्पल घालून त्याला बोलवायलाच गेले.

गवंडी आला. त्याने कोपऱ्यातल्या खोलीपासून काम धरले. सडलेला गिलावा खरवडला, विटा उघड्या केल्या, पंखे लावून दिवसचे दिवस वाळू दिल्या, मग नवा गिलावा केला. घरमालक रोज खाली जात, भिंतीला तळवा लावून पाहत आणि वर येऊन सांगत, "अजून ओल आहे."

वर दिवस भराभर जात होते. दुरुस्त झालेले कपडे घ्यायला माणसे येत, खुर्चीशी घटकाभर टेकत, बोलत. बटणे संपल्यावर टेलरबाईने काकूंना धावदोरे उसवायला दिले होते. शब्दही येऊ लागले होते, सुटे सुटे, ओल्या लाकडाला विस्तव लागावा तसे. एकदा घरमालक वेणी घालत असताना बायको स्पष्टपणे "वाकडी" म्हणाली, तेव्हा टेलरबाई हसून हसून खाली बसली. त्यानंतर वेणी तीच घालू लागली. घरमालकांनी फणी तिच्या हातात दिली खरी, पण त्या सकाळी आपल्या हातांचे काय करावे ते त्यांना सुचेना. त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला, आणि मग ते रोजचेच झाले.

खाली गवंड्याची चुळबूळ सुरू झाली होती.

"काका, रंगाचं सामान आणू का आता?"

"अजून ओल आहे रे."

"ओल?" गवंड्याने भिंतीवर बोटाने टिचकी मारली. "ठणठणीत कोरडी झाली आहे. आणखी थांबलात तर तहानेने ओरडेल."

"आतून ओली आहे," घरमालक म्हणाले. "तुला नाही कळायचं. भिंत माझी आहे."

गवंड्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले. मग त्याने टोपी झटकली आणि मधल्या खोलीचे काम हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेलरबाई गणवेशाची पिशवी कुणाला तरी द्यायला म्हणून खाली उतरली. वर आली तेव्हा तिच्या उजव्या तळव्याला सिमेंटची पांढुरकी भुकटी लागलेली होती. घरमालक बायकोच्या पायांना तेल चोळत बसले होते. त्यांनी तो हात पाहिला आणि मान खाली घातली.

"काका, खोली वाळली आहे."

ते तेल चोळत राहिले.

"रंग काय, नंतरही लावता येईल. मी उद्या सामान खाली नेते. किती दिवस तुमची जागा अडवून बसायची?"

"जागा अडली नव्हती," ते म्हणाले. तेलाची वाटी त्यांनी झाकली, पुन्हा उघडली, पुन्हा झाकली. "ने. तुझीच खोली आहे ती. मी कशाला नाही म्हणू?"

"पलंग तेवढा गवंड्यांना खाली न्यायला सांगा."

"सांगतो."

टेलरबाई मशीनपाशी गेली. तिने चाकावरून हात फिरवला, धूळ नव्हती तरी.

"मशीन मात्र इथेच राहू द्या, काका," ती पाठमोरीच म्हणाली. "चालेल ना? मी सकाळी वर येत जाईन. खाली उजेड नाही."

घरमालकांनी मान वर केली. कोपऱ्यातल्या त्या खोलीला दोन खिडक्या होत्या, एक पूर्वेला आणि एक दक्षिणेला. तिथे सकाळपासून ऊन पडे. भाड्याने घ्यायला आली तेव्हा मधली मोठी खोली सोडून तिने हट्टाने तीच मागून घेतली होती, उजेडासाठी.

"नाहीच," ते म्हणाले. "पहिल्यापासून अंधारीच आहे ती खोली."

"तेच म्हणते मी."

खिडकीतल्या खुर्चीत धावदोरा उसवणारा डावा हात थांबला होता. बायकोने आधी टेलरबाईच्या पाठीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. तिचे ओठ हलू लागले. दोघेही थांबले. तिच्यासाठी थांबायला ती दोघे आता शिकली होती.

"खोटं," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, पुरता दम घेऊन, "दोघं."

घरमालक तेलाची वाटी घेऊन लगबगीने आत गेले. टेलरबाई मशीनवर वाकली. सुईत दोरा ओवायला तिला त्या दुपारी फार वेळ लागला.