वसुमतीबाई बॅचलर झाल्या

त्रेसष्टाव्या वर्षी वसुमतीबाई बॅचलर झाल्या. म्हणजे त्यांना तसं सांगण्यात आलं, तेही एका महिन्यात तीनदा.

पहिल्या घरमालकानं फोनवरच विचारलं, "किती जण?" बाई म्हणाल्या, "मी एकटी." "सॉरी मॅडम, ओन्ली फॅमिली. नो बॅचलर्स." दुसऱ्यानं घर दाखवलं, नळ सोडून दाखवला, आणि मिस्टर कधी येणार म्हणून विचारलं. मिस्टर नऊ वर्षांपूर्वीच वर गेलेत म्हटल्यावर त्यानं नळ बंद केला. तिसरी तर बाई होती, वसुमतीबाईंच्याच वयाची. ती म्हणाली, "अक्का, मुलगा असून एकट्या? काहीतरी भानगड असणार." घ्या! बंगळुरात रात्रभर गिटार वाजवणाऱ्या पोरांना घर देत नाहीत हे वसुमतीबाईंना ठाऊक होतं. त्या यादीत आपलंही नाव आहे हे मात्र नवीनच.

आता तुम्ही विचाराल, हे खूळ डोक्यात आलं कुठून? सून छळत होती का? छे हो. हर्षिता लाखात एक. सकाळी ऑफिसला निघताना "आई, येते" म्हटल्याशिवाय दार ओढायची नाही. मुलगा श्रीहरी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, आईचं बीपीचं औषध संपायच्या आत आणणारा. एचएसआर लेआउटमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट, आईला स्वतंत्र खोली, खिडकीतून झाडं. दुखणं म्हणून दाखवायला बोटभर जागा नव्हती. आणि हीच तर पंचाईत. भांडण असतं तर माणूस भांडून निघतो. सुखातून निघायचं तर कारण काय सांगायचं?

कारण अलकापासून सुरू झालं. अलका ही वसुमतीबाईंची मैत्रीण, एकाच शाळेत चौतीस वर्षं शिकवलेली. बाई गणित शिकवायच्या, अलका कन्नड. अलका राहते चिकपेटच्या जुन्या कापडबाजारामागच्या गल्लीत. एका गुरुवारी ती डबाभर चिरोटे घेऊन न सांगता आली. वसुमतीबाई न्हाणीघरात होत्या, फोन पलंगावर. गेटवरच्या वॉचमननं सोसायटीच्या अ‍ॅपवर निरोप धाडला: 'अलका, पाहुण्या.' तो निरोप गेला श्रीहरीला, कारण फ्लॅट त्याच्या नावावर. श्रीहरी मीटिंगमध्ये. त्याला ती अलकामावशी, अलका नव्हे. कुणीतरी काहीतरी विकायला आलं असेल असं वाटून त्यानं 'नको'वर बोट टेकवलं, आणि आईची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण डबा घेऊन आल्या बसनं परत गेली.

संध्याकाळी श्रीहरीला कळल्यावर तो पांढराफटक पडला. अलकामावशीला फोन करून माफी मागितली, आईस्क्रीम मागवलं, "आई, तुझाही नंबर अ‍ॅपवर घालतो" म्हणाला आणि खरंच घातला. आता काय बोलणार? बाईंनी आईस्क्रीम खाल्लं. पण त्या रात्री त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. गोष्ट अ‍ॅपची नव्हतीच. आपण लेकाच्या घरी राहतो, आणि त्या घरात कुणी यायचं ते लेक ठरवणार. ठरवायलाच हवं त्यानं, घर त्याचं आहे. मग आपलं कुठं आहे? पेन्शन आहे, पाय धड आहेत, डोकं तर शाबूतच आहे. मरायच्या आधी दहा वर्षं आपल्या दारात आपण उभं राहावं एवढी साधी इच्छा. ती धरूनच त्या घर शोधायला निघाल्या.

श्रीहरीला सांगितलं तेव्हा त्यानं आधी लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "आई, लोक म्हणतील मुलानं बाहेर काढलं."

"म्हणू देत. मी काढतेय ना मला."

"आजारी पडलीस तर?"

"इथं पडले असते तर तू दुपारी घरी असतास का?"

त्यानं मान हलवली. पण पटलं नव्हतं.

तीन ठिकाणी नकार घेतल्यावर अलकानंच चौथं घर काढलं, तिच्याच गल्लीत. खाली घरमालक हयवदनअण्णा, वर एक खोली, स्वैपाकघर आणि चार कुंड्या मावतील एवढी गच्ची. हयवदनअण्णा म्हणजे जुन्या वस्तीतलं मराठी माणूस, तोंडात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि दोन्हींत स्वतःचंच खरं करण्याची सवय. त्यांनी निरोप दिला, "मुलाला घेऊन या अक्का. त्याच्याशी बोलतो." बाईंना राग आला. पण गच्ची बघून आल्या होत्या त्या. तुळस कुठं ठेवायची तेही ठरलं होतं. राग गिळला आणि शनिवारी लेकाला घेऊन गेल्या.

चिकपेट मेट्रो स्टेशनपासून त्या गल्लीपर्यंत चालत जाताना कापडाचे गठ्ठे चुकवत श्रीहरी मागे मागे. अलका वाटेत भेटली. तिच्या पोटात काही राहत नाही. तीन घरांची कथा तिनं त्याला साग्रसंगीत सांगितली, अगदी नळासकट. बाई पुढं चालत होत्या. श्रीहरी झपाझप चालत आईच्या बरोबरीला आला.

हयवदनअण्णांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. बाईंकडे न बघता त्यांनी श्रीहरीला विचारलं, "किती जण राहणार?"

"आम्ही तिघं," श्रीहरी पटकन म्हणाला. "मी, मिसेस आणि आई."

वसुमतीबाईंनी चमकून पाहिलं. लेकानं डोळ्यानंच गप्प राहायची खूण केली. आयुष्यात ज्यानं गृहपाठाबद्दलसुद्धा कधी थाप मारली नाही, तो पोरगा ताठ मानेनं खोटं बोलत होता, आणि तेही आईला घर मिळावं म्हणून, ते घर त्याला नको असताना. बाईंना वाटलं, असा मुलगा सोडून निघालो आपण, वेड लागलंय की काय?

"सरी, सरी, ठीक आहे! फॅमिली म्हटल्यावर प्रश्नच नाही," अण्णा खुलले. शर्टाच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी टीपॉयवर ठेवली. त्यांची बायको कॉफीचे पेले घेऊन आली. काम फत्ते. तीन नकारांनंतर होकार, आणि त्याला लागलं काय, तर एक वाक्य. अशी वाक्यं बोलून निम्मं शहर भाड्याच्या घरात राहतंय. गप्प बसायचं, किल्ली घ्यायची, पुढचं पुढे.

"मग दूध कधी उतू घालायचं?" अण्णांनी विचारलं. नव्या घरात पाय टाकला की पहिल्यांदा दूध तापवायचं आणि पातेल्याबाहेर उतू जाऊ द्यायचं, ही इकडची रीत. "नवराबायकोनं बसायचं हं शेगडीपाशी. सूनबाईला सुट्टी काढायला सांग. मी भटजी बोलावतो."

झालं! आता खोट्याला देवापुढं बसवायचं होतं. श्रीहरी "हो, हो" म्हणाला आणि कॉफीत तोंड घातलं. वसुमतीबाईंनी पेला खाली ठेवला.

"दूध मी तापवणार अण्णा. मुलगा आणि सून पाहुणे म्हणून येतील."

"म्हणजे?"

"म्हणजे इथं मी एकटी राहणार. पोरगा माझ्यासाठी खोटं बोलला. त्याचा राग धरू नका."

"आई!" श्रीहरी ओरडलाच. हयवदनअण्णांचा हात किल्लीवर गेला. ती त्यांनी उचलली नाही, नुसती झाकून धरली.

"मुलगा असताना एकटी? घरात वाद झालाय?"

"नाही."

"सून बघत नाही?"

"माझ्या आईनं माझं केलं नसेल एवढं करते."

"मग कशाला, अक्का?"

"कारण मला माझं दार पाहिजे," वसुमतीबाई म्हणाल्या. आवाज जरा वर चढला, वर्गात चढायचा तसा. "कुणी आलं तर मी उघडीन, नको असेल तर मी नाही उघडणार. आधी वडिलांचं घर होतं, मग सासऱ्यांचं, मग ह्यांचं, आता लेकाचं. सगळी चांगली माणसं, तक्रार कुणाबद्दल नाही. पण माझं म्हणून एकदा राहू दे की मला. खोटं बोलून राहिले तर ते घरही ह्याच्याच नावानं राहिल्यासारखं होईल. मग हलायचं कशाला?"

"पण दूध... जोडप्यानंच लागतं."

"अण्णा, चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय. दूध उतू घालायला लागतं काय? काही न करता बघत बसावं लागतं. तेवढं मला येतं."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. अण्णांनी तिकडं डोळे वटारले, पण त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. मग ते श्रीहरीकडे वळले. "तू सांग. आई अशी निघालीय. तुला चालतंय?"

"नाही चालत," श्रीहरी म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पण ती येणार आहे. इथं नाही तर दुसरीकडे."

हयवदनअण्णांनी कॉफी संपवली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. "फॅमिली म्हणून सांगून घुसलेले पाच-सहा बॅचलर मी काढलेत या घरातून," ते म्हणाले. "खोटं पचलं असताना खरं सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या." आणि त्यांनी हात बाजूला घेतला. किल्ली पुढं केली नाही, दिली नाही, नुसता हात काढला. कुणी हातात ठेवायची वाट न बघता वसुमतीबाईंनी किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली.

बाहेर गल्लीत आल्यावर श्रीहरी आईच्या शेजारून चालला. एका साडीच्या दुकानासमोर गर्दीत दोघं अडकले, तेव्हा त्यानं विचारलं. इतके दिवस छातीत धरून ठेवलेलं असणार.

"आई, मी कुठं कमी पडलो?"

बाई थांबल्या. मागच्या हमालानं "स्वल्प सरका अम्मा" म्हटलं तरी हलल्या नाहीत.

"कुठंच नाही रे. कमी पडला असतास तर तुला सुधरवत तिथंच बसले असते. तू बरा निघालास म्हणून तर मला जाता येतंय."

श्रीहरीनं मान फिरवली आणि दुकानातल्या साड्या बघितल्यासारखं केलं. छत्तिसाव्या वर्षी भर बाजारात रडायचं म्हणजे काय! बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे भरले होते, पण पाय मात्र पुढंच निघाले होते.

"पुढच्या रविवारी येते राहायला," त्या म्हणाल्या. "तू आणि हर्षिता जेवायला या. एक वाजता. त्याआधी नको, माझी आवराआवर चालू असेल."

"आणि मध्येच आठवण आली तर?"

"ये की," वसुमतीबाई म्हणाल्या. "फक्त आधी फोन कर. मी घरी असेनच असं नाही."