गेटाबाहेर राहिलेला जग

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा जग आहे. निळं अंग, पांढरं झाकण, खाली लाल तोटी आणि उचलायला वर एक कडी. माझ्यासारखे जग तुम्ही लग्नाच्या हॉलमध्ये किंवा क्रिकेटच्या मैदानाकडेला पाहिले असतील. पाहिले असतील म्हणजे, पाणी पिऊन पुढे गेला असाल. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. थोडा लोकांवर आहे, आणि खरं सांगायचं तर बराचसा माझ्या स्वतःवरच आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याचा एक छोटा कारखाना होता. साच्यातून माझी दोन अंगं निघाली, एक आतलं आणि एक बाहेरचं. दोन्हींच्या मधे फोम भरला. त्या फोममुळेच माझ्या पोटातलं पाणी दिवसभर गार राहतं. कुंदा नावाची बाई तिथे तोट्या बसवायची. तोटी बसली की ती जग भरून त्याच्याखाली कोरडा कागद ठेवायची आणि डबा खायला जायची. परत आल्यावर कागदावर ठिपका दिसला तर तो जग बाजूला. माझा कागद कोरडाच राहिला. तिने मला पुसलं आणि दुकानाच्या फळीवर चढवलं.

तिथून मला शंकररावांनी घेतलं. ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कामाला होते आणि बदलापूरला कात्रपमध्ये राहायचे. दुकानाचा सिंधी शेठ म्हणाला, "साईं, पंद्रह साल कुछ नहीं होगा." शेठचा शब्द मी पाळला, पण शंकरराव तितके टिकले नाहीत. मी घरात आल्यावर सहाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागे मी त्यांच्या बायकोचा, सुंदराबाईंचा झालो.

माझे चांगले दिवस म्हणजे एप्रिलचे. चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक निघायची. सुंदराबाई मला स्टुलावर ठेवायच्या, बर्फाची लादी फोडून आत टाकायच्या आणि दुपारपासून पाणी द्यायला उभ्या राहायच्या. ढोलवाले, बंदोबस्तावरचे पोलीस, रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस, कुणालाही. त्यांच्या लहानपणी गावात त्यांची आई विहिरीपासून लांब उभी राहायची आणि कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. हे त्यांनी सून मायाला एकदाच सांगितलं होतं, भांडी घासता घासता. पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण माझ्या तोटीखाली कुणी ओंजळ धरली की त्या म्हणायच्या, "ओंजळीने नाही, ग्लासाने पी."

मग घरात मोठा फ्रीज आला. माणशी एक बाटली आली. मला माळ्यावर टाकलं. माझ्या पोटात जुनी वायर, तुटकी छत्री आणि दिवाळीची माळ कोंबली. चार वर्षं मी पाण्याचा थेंब पाहिला नाही.

या मे महिन्यात सुंदराबाईंच्या मुलाने, मिलिंदने, ऑनलाइन तिकिटं काढली. कर्जत रोडच्या बाजूला 'गंमतगाव' नावाचं नवीन पार्क झालं होतं. आकाशपाळणे, झुकझुक गाडी, सिमेंटचे डायनासोर. सात वर्षांची मैत्रेयी आणि साडेतीन वर्षांचा राजरत्न महिनाभर मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघत होते. मिलिंदला वर्षातून ही एकच सुट्टी जमली होती, म्हणून तो घाईत होता आणि सकाळपासून चिडलेला होता. सुंदराबाईंनी मला माळ्यावरून काढलं, चिंच लावून घासलं आणि बर्फ टाकून काठोकाठ भरलं. मिलिंद म्हणाला की तिथे आत सगळं मिळतं, हे धूड कोण उचलणार. त्या म्हणाल्या, मी उचलीन. रिक्षात त्यांनी मला मांडीवर घेतलं.

दहा वाजले होते, पण ऊन मारायलाच टपलेलं होतं. गेटसमोर लांब रांग, वर पत्रा नाही, झाड नाही. मुलांचे चेहरे लाल झाले होते. आमचा नंबर आला तेव्हा गेटवरच्या वॉचमनने माझ्यावर काठी ठेवली. त्याच्या छातीवर किसन असं नाव लिहिलं होतं. पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला, पायात काळे जड बूट.

"बाहेरचं पाणी चालत नाही," तो म्हणाला. "इथे ओता, नाहीतर परत जा."

माया म्हणाली की लहान मुलं आहेत, निदान एक बाटली भरून घेऊ दे. त्याने मान हलवली. वर कॅमेरा होता, त्याच्याकडे त्याने बोट दाखवलं. मागची रांग ओरडायला लागली. तेवढ्यात किसनने माझी कडी धरून मला स्वतःच तिरपं केलं. झाकण सरकलं आणि गार पाणी भसकन फरशीवर सांडलं. फरशी इतकी तापलेली होती की ते ओघळण्याआधीच सुकायला लागलं.

सुंदराबाईंनी मला हिसकावून घेतलं. त्या म्हणाल्या की पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही.

"आई, चारचौघांत तमाशा नको करूस," मिलिंद दातओठ खात म्हणाला. "ओत ते आणि चल."

"तुम्ही जा. मी बाहेर बसते."

मैत्रेयी रडायला लागली. मिलिंदने तिचा हात ओढला आणि मागे न बघता आत गेला. मायाने राजरत्नला पाणी पाजायला माझ्याजवळ आणलं, पण त्याला आत डायनासोर दिसत होता. त्याने ग्लास ढकलून दिला. तीही गेली.

पार्किंगच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. तिथे रिक्षावाले बसत. सुंदराबाई तिथे बसल्या आणि मला बाकड्यावर ठेवलं. बराच वेळ त्या गेटकडे एकटक बघत होत्या. मग एक रिक्षावाला आला, उन्मेष नावाचा. त्यांनी त्याला पाणी दिलं. गोळेवाल्याला दिलं, बस घेऊन आलेल्या ड्रायव्हरला दिलं. उन्मेष गप्पिष्ट होता. त्याने सांगितलं की स्टाफसाठी गेटवर पाण्याची एक टाकी आहे, पण आज टँकरच आलेला नाही. तो किसन जवळच्याच गावातला, सकाळी सातपासून उन्हात उभा आहे, आणि जागा सोडली तर त्याची हजेरी कापतात. सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

एक वाजता किसन आला. हातात रिकामी बाटली होती. ओठांना पांढरी किनार आली होती. तो शेडच्या बाहेर, उन्हातच उभा राहिला.

"मावशी, घोटभर पाणी द्या ना."

सुंदराबाईंनी माझं झाकण घट्ट केलं.

"तुझ्या गेटातून आत जा आणि विकत घे," त्या म्हणाल्या.

"मावशी, ड्यूटी आहे माझी. मी काय मुद्दाम केलं नाही."

त्यांनी पदराचं टोक माझ्या तोटीवर टाकलं आणि तोंड फिरवलं. किसन परत निघाला. उन्मेष जमिनीकडे बघत बसला.

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. मला तिरपं केलं होतंस ना, आता जा कोरडा, असं मी मनात म्हणालो. माझ्या पोटात अर्धं पाणी होतं, बर्फाचे दोन तुकडेही शिल्लक होते, आणि ते मी कुणाला तरी नाकारलं याची मला गंमत वाटत होती.

पाऊण तासाने गेटमागे आरडाओरडा झाला. आत काय घडलं ते नंतर मायाच्या तोंडून कळलं. झुकझुक गाडीच्या रांगेत ते तासभर उघड्यावर उभे होते. पाण्याच्या काउंटरवर मोठी झुंबड होती. मिलिंद तिथे भांडत होता, मैत्रेयी त्याच्यासोबत होती. राजरत्न आधी खूप रडला, मग एकदम गप्प झाला. मायाला वाटलं झोपला. तिने त्याच्या कपाळाला हात लावला तर ते तव्यासारखं तापलं होतं आणि त्याला घाम येत नव्हता. हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. ती त्याला घेऊन आली त्या वाटेने धावत सुटली, पण ते गेट फक्त आत येण्याचं होतं. बाहेर पडायचा रस्ता पार्कच्या दुसऱ्या टोकाला, दुकानांमधून. किसनच्या वायरलेसवर त्याचा साहेब सांगत होता की तिकडूनच पाठवा, गेट उघडायचं नाही.

किसनने गेट उघडलं. त्याने मायाच्या हातातून पोराला घेतलं आणि त्या जड बुटांनी पार्किंग ओलांडून धावत आला. सरळ आमच्या शेडमध्ये. राजरत्नला त्याने बाकड्यावर निजवलं, त्याचा शर्ट काढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाणी. मानेवर, काखेत."

सुंदराबाईंनी माझी तोटी सोडली. पदर भिजवला, मानेभोवती गुंडाळला. पुन्हा भिजवला, काखेत धरला. उन्मेष गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन आला, गोळेवाला पुठ्ठ्याने वारा घालत होता. माया पोराचं नाव घेत होती, दुसरा शब्दच तिला सुचत नव्हता. मी वाहत होतो. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. दर क्षणाला माझ्यातलं पाणी खाली जात होतं आणि त्या पोराची पापणी हलत नव्हती.

मग ती हलली. त्याने कण्हल्यासारखा आवाज काढला आणि रडायला लागला. बारीक, चिरका आवाज, पण रडणं होतं. सुंदराबाईंनी थेंबा-थेंबाने त्याच्या ओठांना पाणी लावलं.

इतक्यात मिलिंद आला. मैत्रेयी त्याच्यामागे धावत होती. त्याने मुलाकडे बघितलं आणि किसनची कॉलर धरली. तुमच्या नियमांनी माझं पोर मेलं असतं, असं तो म्हणाला, आणि पुढे बरंच काही म्हणाला जे मी इथे सांगत नाही. किसनने कॉलर सोडवली नाही. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. मायाने नवऱ्याचा हात झटकला.

"यांनीच आणलं त्याला उचलून," ती म्हणाली. "आई, यांना पाणी द्या."

तिला काही माहीत नव्हतं. सुंदराबाईंनी ग्लास घेतला आणि माझी तोटी उघडली. काही आलं नाही. त्यांनी मला पुढे कलंडवलं. तीन-चार थेंब पडले. त्यांनी मला आणखी कलंडवलं आणि तसंच धरून ठेवलं. जणू जोर लावला तर माझ्या तळातून पाणी उगवेल. त्यांच्या हातांना इतकी घाई मी कधी पाहिली नव्हती.

"राहू द्या, मावशी," किसन म्हणाला. "पोराला दवाखान्यात न्या आधी."

त्याच्या खांद्यावरचा वायरलेस ओरडत होता, गेट कुणी उघडलं म्हणून. तो उन्हातून परत गेला. उन्मेषने रिक्षा काढली. डॉक्टरांनी राजरत्नला रात्रभर ठेवून घेतलं, सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर, एवढंच ते म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडलं. घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. मिलिंदने आईची माफी मागायचा प्रयत्न केला, पण सुंदराबाई म्हणाल्या की माझं तुझ्याशी काही नाही. त्यांचं ज्याच्याशी होतं तो कात्रपमध्ये राहत नव्हता.

आठ दिवसांनी त्यांनी मला पुन्हा भरलं. बर्फ टाकला, कोरा स्टीलचा ग्लास घेतला आणि एकट्याच रिक्षाने गंमतगावच्या गेटवर गेल्या. गेटवर दुसराच माणूस उभा होता. त्यांनी किसनची चौकशी केली. तो म्हणाला, "त्याला काढला. गेट उघडलं होतं त्याने." कुठल्या गावचा, घर कुठे, काही त्याला ठाऊक नव्हतं. उन्मेषही त्या दिवशी शेडमध्ये नव्हता. जे बसले होते त्यांनी दोन-तीन गावांची नावं घेतली, पण प्रत्येकाने वेगळी.

सुंदराबाई तिथेच उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. नव्या वॉचमनने शेवटी विचारलं की आत जायचंय का, कारण बाहेरचं पाणी चालत नाही.

"आत नाही जायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी ग्लास भरला आणि गेटच्या गजांमधून त्याच्यापुढे धरला. "पी."

तो कॅमेऱ्याकडे बघायला लागला. त्या हलल्या नाहीत. मग त्याने ग्लास घेतला. एक प्यायला, दुसरा मागून घेतला. हे पाणी कुणाच्या वाटणीचं होतं ते त्याला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, आता उन्हाळाभर मी माळ्यावर नसतो. रोज धुतला जातो, भरला जातो, कात्रपच्या आमच्या बिल्डिंगच्या दाराशी सावलीत उभा असतो. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी पडलेला असेल तर त्याला खाली काढा. त्याच्या तोटीत कचरा अडकू देऊ नका, त्याच्या पोटात वायरी भरू नका. आणि त्याच्यासमोर कुणी तहानलेला आला, अगदी तुमचा ज्याच्यावर राग आहे तो जरी आला, तरी आधी ग्लास भरा. राग नंतर काढा. माझ्या पोटात त्या दिवशी अर्धं पाणी होतं. मी देऊ शकत होतो.