अकरा जणांनी पाजलेला विस्तव

मी चिमटा बोलतोय. पापड भाजायचा नाही. दोन हात लांब, लोखंडी, चुलीतला विस्तव उचलायचा. गोड बोलायची मला सवय नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

मला घडवणाऱ्या लोहारानं मजुरीची व्हिस्की आधी प्यायली आणि मग हातोडा उचलला. म्हणून माझा एक पाय आखूड. पकड तिरकी बसते, पण एकदा धरलेलं मी सोडत नाही. सरळ पायांचे चिमटे मी गंजून गेलेले पाहिलेत.

किलनामोर गावात क्रौलींचा पब आहे, तिथं चुलीशेजारच्या खिळ्यावर माझा जन्म गेला. ही चूल १७७४ साली टाइग क्रौलीनं पेटवली. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, तेच इकडचं सरपण. झोपताना विस्तव राखेखाली झाकायचा, सकाळी मी राख उकरून त्याला उठवायचं. तेव्हापासून तो एकदाही विझला नव्हता.

टाइग मरताना कागद करून गेला : ज्याच्या घरी हा विस्तव जिता, त्याचा हा पब. शहाणा माणूस मुलाचं नाव लिहितो. ह्यानं विस्तवाचं लिहिलं.

अठराशे एक्क्याऐंशी सालापर्यंत कुणाचं काही अडलं नाही. त्या साली घरची लेक हॅना लग्न होऊन अर्ध्या मैलावर नांदायला गेली. लेकीनं आईच्या चुलीतला निखारा नेऊन नवी चूल पेटवायची, ही इकडची रीत. निखारा मीच नेला. पाऊस होता, नवरदेव माझ्यावर टोपी धरून स्वतः भिजत चालला होता. झालं, विस्तवाची दोन घरं झाली आणि घरातली शांतता गेली.

पुढं पब आला गॉबनेटकडे. साठीची बाई, हात भाकरीच्या पिठात आणि तोंड सगळ्या गावात. आणि हॅनाची चूल आली तिचा नातू फिनबार ह्याच्याकडे. बिनलग्नाचा, हडकुळा, हट्टी. ‘तुझा विस्तव आधी जाईल, मग कागद वाचू,’ असं तो नात्यानं बहीण लागणाऱ्या गॉबनेटला तोंडावर सांगायचा. आणि रोज दुपारी तिच्याकडेच जेवायचा. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, बटाटे, वर काळी बिअर. खाताना चुलीकडे बघायचा, आजारी श्रीमंत काकाकडे पुतण्या बघतो तसा.

चौऱ्याहत्तर साली विस्तवाला दोनशे वर्षं झाली. रविवार होता. प्रार्थना आटोपून अकरा जण जेवायला बसले. फिनबार रुसून घरी. म्हणे, “तोच विस्तव माझ्याही घरात आहे. त्याचा वाढदिवस कुणी केला?”

तर काय झालं, पोस्टमन दोनाल ग्लास उचलून म्हणाला, “ज्याचा वाढदिवस, तोच कोरडा? लाज वाटत नाही का रे?”

इकडं राउंड म्हणजे राउंड. एकानं सगळ्यांना पाजायची, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. कुणाला वगळलं तर तो घोर अपमान. दोनालनं सगळ्यांना पाजली आणि एक ग्लास चुलीत ओतला. विस्तव फुस्स करून खोकला.

“आवडली त्याला!” म्हातारा कॉर्मक ओरडला. “आता माझी पाळी.”

अकरा राउंड, अकरा ग्लास. व्हिस्की असती तर भडका तरी उडाला असता. पण आगीजवळ व्हिस्की धोक्याची, असं पाद्रीबुवांनी स्वतः बजावलं आणि आपला बिअरचा ग्लास ओतला. मी खिळ्यावरून ओरडत होतो. चिमट्याचं कोण ऐकतो?

गॉबनेट बटाटे घेऊन आली तेव्हा चुलीत काळा फेस होता.

दोनालनं काडी ओढली. तिनं फटकन त्याच्या हातावर मारली. “काडीची आग? काल जन्मलेली पोर ती! मेल्यांनो, दोनशे वर्षांचं माणूस पाजून मारलंत माझं!”

आता जिता विस्तव एकाच घरी होता. म्हणजे पब फिनबारचा. तिनं खिळ्यावरून मला उचललं आणि त्याच्याकडे निघाली.

दारात मला वाटलं, आता मागेल. पण ही माणसं सरळ काही मागतील तर शपथ. आधी हवा झाली. मग त्याची गाय, गाईचं पोट.

“चहा घेणार?”

“नको बाबा.”

“थोडासा?”

“अरे नको.”

“घे की कपभर.”

“बरं, एवढं म्हणतोस तर.”

तीनदा विचारायचं, दोनदा नाही म्हणायचं. पहिल्यालाच हो म्हणणारा माणूस अधाशी. चहा संपला तेव्हा त्यानं माझ्याकडे बोट केलं.

“चिमटा फिरायला आणलास?”

“हवा बरी आहे.”

“विझला ना?”

“कोण म्हणतो?”

“तुझ्या अंगाला राखेचा आणि बिअरचा वास येतोय, बाई.” त्यानं घड्याळामागून टाइगच्या कागदाची नक्कल काढली. “पब माझा.”

गॉबनेटनं ॲप्रन सोडला आणि त्याच्या मांडीवर टाकला. “घे. अकरा जण खोळंबलेत, बटाटे निवले. कॉर्मक गुडघ्याचं सांगेल, पहिल्यापासून ऐकायचं. आणि हे बघ, उद्यापासून मांस खारट झालं तर कुणाला बोलणार आहेस? करणारा तूच.”

चाळीस वर्षं त्या जेवणाला नावं ठेवून फिनबार जगला होता. त्यानं ॲप्रन परत तिच्याकडे सरकवला. मग तोंड फिरवून म्हणाला, “निखारा नेणार?”

“नको. तुला कशाला त्रास?”

जीभ पोळली असती तरी ती हेच म्हणाली असती.

“एखादा?”

“नको रे.”

आणि तो गप्प झाला. घड्याळ वाजत राहिलं. तिची बोटं माझ्याभोवती आवळत गेली. तिसऱ्यांदा तो विचारायला बांधलेला नव्हता आणि तिला आपणहून मागता येत नव्हतं. दोनशे वर्षं त्या एका प्रश्नावर लटकली होती, आणि मी तिच्या हातात.

“घे की,” फिनबार म्हणाला. “मला जेवायचंय.”

“बरं. एवढा आग्रह करतोस तर.”

परतताना मी वाऱ्यात तो निखारा तिरक्या पकडीत असा धरला की लोहाराला दुवा दिला. शेजारून फिनबार टोपी धरून चालला होता. चुलीत कोरड्या विटा रचून तयार होत्या. विस्तव धरला. सगळे जेवले. फिनबारनं पहिला घास घेतला आणि समाधानानं म्हणाला, “खारट.”

ते दोघं आता नाहीत. माझा सांधा ढिला झाला, दुसरा चिमटा आला, मी नुसता खिळ्यावर. विस्तव मात्र आहे. लांबलांबची माणसं येतात, त्याच्यापुढं जेवतात, ग्लास उंचावतात.

एवढंच मागणं आहे. प्या, खा, गुडघ्यांचं सांगा. पण त्याला पाजू नका. त्याला दोनदा नाही म्हणता येत नाही.